पाठमोरी बाई

ती. आईस, पायांवर डोकं ठेवतो.

थंडीची काळजी करू नकोस, मी दिवसभर उन्हातच असतो! म्युझियममध्ये नदीकाठच्या उन्हाळ्याच्या चित्राची राखण माझ्याकडे आहे. जवळून नुसते रंगाचे फटकारे, लांबून पाणी चमकतं. म्हणून लोकांना "जरा मागे सरका" म्हणतो. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच.

चित्रात एक बाई पाठमोरी बसून धुणं धुते. सोबतचा पहारेकरी चिडवतो, "तुझी कोण लागते रे?"

मी निघालो तेव्हा तूही धुणंच धूत होतीस. वळली नाहीस. गुडघे कसे आहेत? वहिनी हातातलं काम घेते ना?

काल लोक गेल्यावर मीच अगदी जवळ गेलो, तिचा चेहरा दिसतो का बघायला. नुसता रंग.

तुझा एक फोटो पाठव. समोरून काढलेला.

तुझं शेंडेफळ