ओला लेप

कसबा पेठ, पुणे
१२ जानेवारी १९७४

ती. आक्कास सर्जेरावचा सा. न. वि. वि.

हिंदुरावदाजींच्या जागेवर कारखान्यात मला घेतलं. काम तेच. वाळूच्या साच्याला आतून ग्रॅफाइटचा काळा लेप द्यायचा, म्हणजे लोखंडाचा रस वाळूला चिकटत नाही. मग ज्योत फिरवून लेप सुकवायचा. ओल राहिली तर वाफ कोंडते आणि रस उसळतो. हे तुला सांगायला नको.

खानावळीच्या आमटीतून ताटाचा तळ दिसतो, बाकी ठीक. एक मात्र लिहू की नको असं झालंय. मी हात थांबवला तरी साच्याच्या पलीकडे ब्रश फिरल्याचा आवाज येतो. पलीकडे कोणी नसतं.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा सर्जेराव

भोर
२० जानेवारी

चि. सर्जेराव यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून भिंतीला टेकून बसले. घरात कोणाला दाखवलं नाही. सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरगा आपल्याच हलगर्जीपणानं गेला, लेप ओला ठेवला. कारखान्यानं तेच कळवलं होतं. मी खाली मान घालून भाकऱ्या थापते. पण हे तर गोवरीसुद्धा चाचपून चुलीत घालायचे रे.

जागा सोड म्हणत नाही. भीती वाटली तर मारुतीचं नाव घे. आणि आमटी घट्ट हवी असेल तर लग्न कर.

लिहीत जा, जीव लागून राहतो.

तुळजा

पुणे
३ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

काल मोठा साचा होता. रस तयार होता, म्हणून फोरमन नासिरभाई घाई करत होते. वरची पेटी बसवून साचा झाका म्हणाले. तेवढ्यात साच्याच्या आतून, पार खालच्या कोपऱ्यातून, ब्रश वाजला. मी हात घातला. लेप बोटांना लागला. मी आडवा उभा राहिलो, पेटी बसवू देणार नाही म्हणालो.

नासिरभाईंनी पेटी खाली ठेवायला सांगितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हिंदुरावही असाच आडवा आला होता. मी त्याला बाजूला केलं."

आता तुझे पाय धरायला येतो म्हणतात. काय सांगू?

तुझ्या शब्दाची वाट बघणारा,
सर्जेराव

भोर
१९ फेब्रुवारी

चि. सर्जेराव यास आशीर्वाद.

माझे पाय नकोत, सासूबाईंसमोर बोला, असा मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे नासिरभाई रविवारी येऊन गेले. सगळं बोलले, काही राखलं नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. उठून त्यांना पाणी दिलं, जेवायला बसवलं.

मग सासूबाईंनी एवढंच विचारलं, "ओरडला का रे तो?"

नासिरभाई ताटाकडे बघत म्हणाले, "नाही आई. एकदाही नाही."

दवाखान्यात शेवटपर्यंत यांच्या उशाशी मी होते. यांचा आवाज ओरडून ओरडून बसला होता, पाणी मागायचे तेही खुणेनं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नासिरभाईंना आणखी एक भाकरी वाढली.

सांभाळून राहा.

तुझी आक्का