तेरा वर्षे अडवून ठेवलेली कादंबरी

मी, चंद्रप्रकाश लवू राणे, वय बहात्तर, छापखान्यातील निवृत्त मुद्रितशोधक, राहणार दिंडोशी, गोरेगाव पूर्व, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. उलट कलम चार गाळावे म्हणून पत्नी मीराने दोनदा विनवले. ते गाळलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. दिंडोशीची सदनिका व बँकेतील ठेवी मीराच्या. तिच्या पश्चात मुलगी प्रियंका हिच्या. प्रियंकानेच या पत्राची अंमलबजावणी पाहावी.

२. माझी दुर्बीण मेहुणा बाळा याने आठ दिवसांसाठी नेली, त्याला सोळा वर्षे झाली. ती आता त्याचीच समजावी. मात्र तिची काच त्यानेच फोडली, हे इथे नोंदवून ठेवतो.

३. ‘सम्राटांचे आकाश’ ही माझी अंतराळयुद्धाची कादंबरी. नऊशे पाने, बावीस वर्षांचे काम, पाच प्रकाशकांकडून साभार परत. ती कोणी छापू नये. जाळूही नये. तिच्यात सम्राट भाषणे करतात, प्रधान कट रचतात, पण नऊशे पानांत कोणी एक स्क्रूही आवळत नाही. हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवसाची हकिगत पुढे आहे.

४. भीमराज ओव्हाळ हा माझा पंचेचाळीस वर्षांचा मित्र. विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूमला, लेथवर होता. कामगार वस्तीच्या वाचनालयात एकाच पुस्तकावर दोघांनी हात ठेवला, तिथून ओळख. ग्रहताऱ्यांच्या गोष्टी लिहायच्या हे वेड मी त्याला लावले, असे मी सर्वांना सांगत असे.

२००३ साली त्याने मला एक बाड आणून दिले. नाव ‘तीन सूर्यांचा तह’. म्हणाला, “तू सांगशील ते खरं.”

तीन सूर्यांची राज्ये एका बर्फाळ चंद्रासाठी चाळीस वर्षे लढत आहेत. तहाची पत्रे येतात, पण एक मंत्री ती दडवतो, कारण युद्ध थांबले तर त्याला कोणी विचारणार नाही. शेवटी जहाजे दुरुस्त करणारे कामगार, निर्गा नावाच्या बाईच्या मागे, अवजारे खाली ठेवतात. आरमार जागच्या जागी थांबते. लेथवर तीस वर्षे उभा राहिलेला माणूसच ते लिहू शकतो.

मी दोन दिवसांत वाचले. निर्गाच्या पानांवर रडलो; माझ्या ‘सम्राटां’त काय नाही ते तिथेच कळले. मीराने विचारले तेव्हा डोळ्यांचे निमित्त सांगितले. तिसऱ्या दिवशी भीमराजला घरी बोलावले आणि म्हणालो, “विज्ञान कच्चं आहे. भाषा रांगडी आहे, तुमच्या वस्तीतली. छापलंस तर हसतील रे.”

भाषेबद्दल बोललो ते मुद्दाम. कुठे लागेल हे मला ठाऊक होते. त्याने बाड पिशवीत घातले, बरे झाले सांगितलेस म्हणाला आणि गेला.

तेरा वर्षे ते त्याच्या माळ्यावर पडून होते. त्या काळात तो दर रविवारी माझ्याकडे येऊन ‘सम्राटां’ची नवी प्रकरणे ऐकत असे.

२०१६ मध्ये त्याची मुलगी चेतना हिने बापाला न विचारता ते टाइप करून एका प्रकाशकाकडे पाठवले. पुस्तक निघाले, गाजले. अर्पणपत्रिकेत छापले आहे : ‘चंदूस, ज्याने मला घाई करू दिली नाही.’ त्यावरून लोक माझे अभिनंदन करतात. बोरिवलीच्या एका दुकानात त्या पुस्तकाच्या प्रती मांडल्या होत्या. कोणी पाहत नाही असे बघून मी त्या पालथ्या करून ठेवल्या. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो.

मत्सर अजून गेलेला नाही. गेला असे लिहिले तर हे पत्र खोटे ठरेल. पुढील आवृत्तीतून माझे नाव काढावे, ही विनंती.

५. माझे सर्व शब्दकोश, भिंग व मुद्रितशोधनाच्या खुणांच्या वह्या चेतना भीमराज ओव्हाळ हिला. जे मी करायला हवे होते ते तिने केले. भीमराजला काही ठेवत नाही. त्याच्याकडे सगळे आहे.

६. (सहीच्या दिवशी जोडलेले.) साक्षीदार म्हणून मी भीमराजलाच बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असे वकिलांनी सांगितले होते. पण तो म्हणाला की न वाचता त्याने कधी गेटपासवरही सही केलेली नाही. मी कागद पुढे सरकवले.

त्याने सावकाश वाचले. चौथे कलम पुन्हा वाचले. शेजारच्या श्वेता साटम दुसऱ्या साक्षीदार म्हणून बसल्या होत्या; त्या उठून गॅलरीत गेल्या. मीराने चहा आणून ठेवला.

कागद खाली ठेवून तो म्हणाला, “आई दोन हजार बारा साली गेली माझी. वाचता येत नव्हतं तिला. पण हात फिरवला असता तिनं पुस्तकावरून.”

मी चहाचा कप त्याच्यापुढे केला.

मग त्याने माझ्याकडे पेन मागितले. चहा घेतला नाही.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे. आम्हा तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

चंद्रप्रकाश लवू राणे (सही)

साक्षीदार :
१. भीमराज तुकाराम ओव्हाळ, विक्रोळी (सही)
२. श्वेता दिगंबर साटम, दिंडोशी (सही)

स्थळ : दिंडोशी, मुंबई
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५