निळ्या रंगाखालचे गाव

मी, खाली सही करणारा, मोजणी खात्यातला निवृत्त नकाशाकार, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. हात थरथरतो, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणावा इतकी माझ्याकडून कुणाला अपेक्षाही उरलेली नाही. पूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती, आणि आता राग धरायचाही कंटाळा येतो.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावी. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त गिऱ्हाइकाला दाखवताना उत्तरेकडच्या खोलीला अडगळीची खोली म्हणू नये. तिथे मी उभी हयात काम केले.

कलम २. माझे आजोबा दरबारचे चित्रकार. त्यांनी काढलेल्या राज्याच्या नकाशात राजवाडा मधोमध, डोंगराहून मोठा; आणि जिथली माहिती नव्हती तिथे हत्ती. तो कुणाला वाट दाखवण्यासाठी नव्हताच. आपण केवढे आहोत हे राजाला दिसावे, एवढ्यासाठी होता. तो संग्रहालयाला द्यावा.

वडिलांची मोजणीची साखळी मात्र तिथे देऊ नये. "असल्या पुष्कळ आहेत आमच्याकडे," असे म्हणून तिथल्या बाईंनी ती एकदा परत पाठवली आहे. वडील ती घेऊन शेतात शिरले की लोक तोंडावर या बसा म्हणत आणि पाठीमागे शिव्या घालत, कारण नकाशा झाला की शेतसारा वाढे. साखळी मुलाने ठेवावी. तोही शेवटी याच धंद्यात आहे. फोनवर दिसणारे नकाशे करतो.

"बाबा, आता माणसाला नकाशा बघावा लागत नाही," तो मला एकदा म्हणाला. "तोच माणसाकडे बघतो. कुठे थांबलात, काय घेतलंत, सगळं."

"आणि हे कळून कुणाचं भलं होतं?"

"दुकानदारांचं."

मी स्वतः सुरुवातीला नकाशे काढले ते लढाईसाठी. कोणता पूल रणगाडा पेलेल, तोफ कुठे चढेल. शाळा आणि पाण्याच्या टाक्या त्यात फक्त नेम धरायच्या खुणा म्हणून होत्या. त्यामुळे मुलाला नावे ठेवायचे तोंड मला नाही.

कलम ३. लढाई संपली आणि धरणाचे काम आले. पाणी कुठवर चढणार ती रेषा वरून ठरून आली. मी ती शाईने गिरवली आणि आतला भाग निळा रंगवला. त्या निळ्यात माझी सासुरवाडी होती.

जाहीर व्हायच्या आधीच मी जाऊन सासऱ्यांना सांगितले. त्यांनी माझ्या हातातला नकाशा चाचपून पाहिला आणि हसले. "जावईबापू, हा तर कोरडाच आहे की!" पाणी दाराशी येईपर्यंत ते हलले नाहीत. पुढे धरणग्रस्तांच्या वसाहतीत, पत्र्याच्या खोलीत ते वारले. त्या दिवशी माझ्या मेहुणीने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीने, सगळ्यांदेखत मला म्हटले, "आमच्या अंगणात निळा रंग तुम्ही भरलात, भावोजी." त्यानंतर तिने माझ्या घरात पाऊल टाकले नाही. मी नसतो तर दुसऱ्या कुणी तो रंग भरला असता, हे मी मनातल्या मनात तिला इतक्या वेळा सांगितले आहे की आता मलाच ते ऐकवत नाही.

मी निवृत्त झाल्यावर एके सकाळी बायकोने टेबलावर कोरा कागद पसरला. "बसा. माझं गाव काढा."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. काढा."

ती सांगे, मी काढी. विहीर घरापासून किती लांब, असे विचारले तर म्हणे, "हाक ऐकू येईल एवढी." प्रमाण नसलेला मी काढलेला तो एकच नकाशा. नदीकडची गल्ली तेवढी राहिली, तोवर ती आजारी पडली आणि गेली.

हा नकाशा माझ्या मेहुणीला द्यावा. मुलाने तो फोनवर चढवू नये. तिने फाडून टाकला तरी तिला कुणी अडवू नये.

कलम ४. वरचे लिहून झाल्यावर वकील म्हणाले, जिला द्यायचे तिच्या कानावर घातलेले बरे. मुलाने फोन केला. काल ती आली. उत्तरेकडच्या खोलीत नकाशापुढे बराच वेळ उभी राहिली.

"ताईनं आमचं घर केवढं मोठं काढायला लावलंय! एवढं नव्हतं हो."

"लहान करू?"

"नको. तिला तेवढं वाटायचं." मग तिने नदीकडच्या कोऱ्या गल्लीवर बोट ठेवले. "इथलं ताईला माहीत नव्हतं. शेवटचं घर. तिथला मुलगा मला मागणी घालणार होता. त्या लोकांना दुसऱ्या वसाहतीत धाडलं. मी दोनदा जाऊन आले. कुठं गेले, कुणाला ठाऊक नव्हतं."

तिने लग्न का केले नाही, हे आमच्या घरात आजवर कुणी विचारले नव्हते.

"वडील गेले तेव्हा तुम्हाला बोलले," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला बोलणार होते?"

मी पेन उचलले, पण रेघ सरळ येईना. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि ते घर स्वतः काढले. वेडेवाकडे, पण खूप सावकाश. मग शाई वाळायची वाट पाहत बसली. जाताना नकाशा गुंडाळून काखेत घेऊन गेली.

त्यामुळे कलम ३ अन्वये देण्यासारखे आता माझ्याकडे काही नाही. तरी ते कलम खोडू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. सही नीट आली नाही, पण ती माझीच आहे.

सही : (नकाशाकार)

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. तळमजल्यावरचे डॉक्टर
२. मोजणी खात्यातले जुने सहकारी, निवृत्त

ठिकाण : राहते घर, उत्तरेकडची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी