औषध नव्हे, जेवणानंतरची गोळी

उदगीर, २० एप्रिल २०१६

साडूबुवा मन्मथअप्पा यांस गुरुलिंगचा शरणु शरणार्थ.

तुमचा गुडघा, चाकूरची म्हैस आणि आमची मेहुणी (क्रम चुकला असेल तर माफी) ठणठणीत असतील. इकडे क्षेम आहे. उदगीर जिल्हा होणार असं परवाही पेपरात होतं, म्हणजे अजून झालेला नाही.

फोनच केला असता, पण आमच्या कापडदुकानात खासगी बोलणं म्हणजे गावात दवंडी. सहा महिने मी लातूरच्या डॉक्टरांकडे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय (बायकोला, म्हणजे उमाला, बी-बारा सांगितलंय). दोनदा तपासून कमी निघालं होतं. सुया सुरू झाल्यापासून मी दोन-दोन तागे उचलतो, जिना चढताना गातो. तेवढ्यात रिपोर्टात प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. हे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन. दुष्काळात जनावरं आटली आणि भरती झाली ती माझ्यात.

डॉक्टर हसले नाहीत. पुरुषांतही ते थोडं असतंच, म्हणाले. मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी ते सोडते. इंजेक्शनातल्या थोड्या भागाचं बायकी हार्मोन बनतं, त्यानेही ते कधी वाढतं; कधी ताणाने, कधी दुसऱ्या औषधाने, क्वचित त्या ग्रंथीवर गाठ असते. ताण आहे का, विचारलं (लातूरला पाणी रेल्वेने येतंय आणि हे ताण विचारतात). दुसरं औषध? मी छातीठोक सांगितलं, एकही नाही. मग घाम पुसायला रुमाल काढला, तर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली.

"आणि हे?"

"हे औषध न्हाई, डॉक्टरसाहेब. हे जेवणानंतरचं हाय."

आपल्याकडच्या लग्नांत पानाआधी ही गोळी फिरते, तुम्हाला माहीतच आहे. वर्षभर मी ती दोन्ही वेळा बडीशेपेसारखी खातोय. तिच्यात मळमळीचं जे औषध मिसळलंय, तेच प्रोलॅक्टिन वाढवतं म्हणे. त्यांनी गोळी बंद केली, पुढच्या गुरुवारी पुन्हा रक्त. तरीही जास्त निघालं तर डोक्याचा एमआरआय. मी मुळीच घाबरलेलो नाही.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशीस कुरवाळणे.

आपला,
गुरुलिंग

ता. क. घाबरलोय. गाठ हा शब्द ऐकल्यापासून कापड मोजताना मीटर चुकतोय. गुरुवारी लातूरला माझ्यासोबत चला. उमाला कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत उमाने पत्र वाचलं. बी-बाराची ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाली, "सुई लपिवली ते लपिवली, भेव बी साडूलाच सांगून राहिलात? मी कशाला हाय?" तीच येणार आहे. मला फार बरं वाटलं, सांगून टाकतो. तेव्हा तुम्ही लातूरला नको, उदगीरला या. गुरुवारी आमच्या गल्लीत टँकर येतो आणि रांगेत घागरी धरायला घरी कुणीच नाही.