'कट' म्हटल्यानंतर

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "बरं, ठेवते आता" म्हणून मोकळी होतेस. समोर आले तर नुसती मान वळवतेस, की माझी बोलती बंद. म्हणून लिहितेय. सोमवारी तुझं लग्न आहे आणि त्याआधी हे तुझ्या कानावर घालायलाच हवं.

तो पोरगा पहिल्यापासून माझ्या मनातून उतरलेला आहे, हे तुला ठाऊक आहे. तू पंचावन्नची, तो बत्तीसचा. त्याची आई तुझ्याहून लहान आहे, हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. तुम्ही दोघांनी केलेल्या सिनेमात पोक्त बाई आणि तरुण मुलगा प्रेमात पडतात, ठीक आहे, पटकथाच तशी आहे. पण चित्रीकरण संपलं तरी याचं प्रेम संपेना, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नवखा नट, शेजारी तू. तुझ्या नावाची शिडी करून वर चढायचं आणि मग शिडीलाच लाथ मारायची, असले महाभाग आपण दोघींनी काय कमी पाहिलेत?

त्यात सिनेमाचं संकलन माझ्याकडे, त्यामुळे हा रोज माझ्या खोलीत हजर. कधी चहा घेऊन, कधी उगाच. मी मनात म्हणायची, आला, स्वतःचे क्लोजअप वाढवून घ्यायला आला. एक दिवस खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, जिन्यातला तो शॉट काढून टाकाल का? ताई, अख्ख्या सिनेमात त्याचं सगळ्यात चांगलं काम त्या शॉटमध्ये आहे. पण वरून पडणाऱ्या उजेडात तुझी मान फार थकलेली दिसते, म्हणून त्याला तो नको होता. एखादीला भरून आलं असतं. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, नाटक करावं तर असं! शॉट ठेवला आणि त्याच्यावरची नजर आणखी कडक केली.

तुझ्यासाठी तो आईशी भांडून घराबाहेर पडला, भाड्याच्या एका खोलीत राहतो, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतो. हे कळल्यावरही मी चौकशी करून आले, खरंच भांडलाय की नुसती आवई आहे. खरंच भांडला होता. त्याची आई माझ्याशी बोलायलाही दारात आली नाही. तरी माझं समाधान होईना.

मग मी माझ्या पद्धतीनं शोध घ्यायचा ठरवला. आपल्या कॅमेरामनची खोड तुला माहीत आहे. दिग्दर्शक 'कट' म्हणाला तरी तो कॅमेरा लगेच बंद करत नाही, थोडा वेळ तसाच चालू ठेवतो. ते तुकडे सिनेमात कधीच येत नाहीत. माझ्याशिवाय ते कोणी बघतही नाही. 'कट' ऐकल्यावर नट बेसावध होतो आणि चेहरा खरा होतो. तुमच्या दोघांच्या प्रेमाच्या प्रसंगांमधले ते सगळे तुकडे मी काढले आणि एकापुढे एक जोडले. म्हटलं, सोंग आता उघडं पडेल. मग ताईला बोलावून दाखवू, तिचे डोळे उघडू. खरं सांगते, मला आनंदच होत होता.

पडद्यावर तो दिसला. 'कट' झालं तरी तुझा हात त्याच्या हातात. 'कट' झालं तरी तुझ्याकडेच बघतोय, कोणीतरी हाक मारतंय तर कळत नाही त्याला. तुझ्या पायात वायर येतेय म्हणून वाकून ती बाजूला करतोय. सोंग सापडेना. मी चडफडत पुन्हा पाहिलं, आणि तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. 'कट' म्हटल्याबरोबर तुझा चेहरा विझतो, ताई. हात सोडवून घेतेस, आरसा मागतेस आणि त्याच्याकडे पाठ करतेस. एकदा नाही, दर वेळी.

म्हटलं, सवय असेल, इतक्या वर्षांचं काम आहे. म्हणून तू आणि भाऊजींनी केलेल्या पहिल्या सिनेमाचे जुने तुकडे शोधून काढले. तेव्हा तुमचं लग्न व्हायचं होतं, आणि कॅमेरामनही हाच होता. 'कट' झाल्यावर तू हसत सुटली आहेस, केस नीट करायला बाई येऊन उभी राहिलीय तरी तुला पत्ता नाही, भाऊजींच्या शर्टाचं बटण तुझ्या मुठीत तसंच आहे. भाऊजी गेल्यावर तू तशी हसलेली मी पाहिली नाही.

मला कळतं ग, अगदीच कळत नाही असं नाही. स्वतःहून जेमतेम दोन वर्षांनी लहान असलेल्या नटाची पडद्यावर आई व्हायची पाळी आली होती तुझ्यावर. याच्याबरोबर तुझे फोटो छापून आले आणि पुन्हा नायिकेच्या भूमिका चालून यायला लागल्या. इतकी वर्षं असल्या भूमिकांत काढल्यावर कोणाला मोह होणार नाही? पण शिडी कोण आणि चढतंय कोण, हे मी पार उलटं धरून बसले होते, याची मला लाज वाटते. आणि तुझा रागही येतो.

काल तो आला होता. चहा नव्हता, बसलाही नाही. म्हणाला, "त्या हल्ली गप्प गप्प असतात. माझं काही चुकतंय का? त्यांचा चेहरा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून विचारतोय." मी म्हटलं, दमली असेल. त्याला ते लगेच पटलं, आणि मला ते अजून सहन होत नाहीये. सोमवारी तुझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून सही करायला तू मला बोलावलंयस. मी येणार नाही, हे कळवायला हे पत्र. त्याला मी काहीही सांगणार नाही, ते तुझं तू सांग. तुझ्या मनात काय आहे ते ऐकूनही त्याला लग्न करायचं असेल, तर मी धावत येईन. आणि माझं सगळंच चुकलं असेल, तर रविवारी इथे ये आणि मला फाडफाड बोल. तुझ्या शिव्या खायला मी दिवसभर दार उघडं ठेवून बसणार आहे.

तुझीच, नको इतकं बघणारी,
धाकटी