धाकटीच्या डोंगरावरचं गवत

याडी, माझे आई, आपल्या तांड्याच्या बोलीत लिहायला मला येत नाही. शाळेत चौथीपर्यंत जे काही डोक्यात शिरलं ते मराठीतून, म्हणून मराठीत लिहिते. तू गेलीस तेव्हा माझ्या मोठ्याला मिसरूडही फुटली नव्हती, आता त्याची पोरगी कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत तुला काही सांगावंसं वाटलं नाही, कारण तुझा राग आला होता आणि तो मी नीट जपून ठेवला. तू आम्हा दोघी बहिणींची लग्नं लावलीस. मला दारव्ह्याकडच्या काळ्या जमिनीत, बांधलेली विहीर असलेल्या घरात दिलंस, आणि धाकटीला डोंगरावरच्या तांड्यात, जिथं नांगर दगडाला लागून खणखणायचा. तिच्या लग्नात बायका तिच्यासाठी हळहळल्या. माझ्यासाठी कोणी हळहळलं नाही, ते मला गोड वाटलं होतं. दर दिवाळीला माझी अंगावरची जुनी लुगडी मी तिला पाठवायचे, आणि ती नेसते की नाही हे पाहायला मुद्दाम वर जायचे.

आणि शेवटचे उन्हाळे काढायला तू तिच्याकडे गेलीस. मी म्हटलं, माझ्याकडं पंखा आहे. तू म्हणालीस, "तुह्या पंख्याची हवा गरम लागते मले. वर झऱ्यापाशी बसलं की जीव थंडावते." तिच्या झऱ्याला तेव्हा जेठातही पाणी असायचं. माझी विहीर, माझा पंखा, माझं सिमेंटचं न्हाणीघर, सगळं एका झऱ्यापुढं तू हलकं केलंस.

म्हणून पुढं तो झरा आटला तेव्हा मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. तू गेल्यावर तो डोंगर पार उघडा झाला. लोकांनी झाडं तोडली, खालच्या गावांची गुरं दिवाळीनंतर वर चरायला सोडायची रीत होती, त्यात आमचीही असायची, त्यांनी गवताची मुळंसुद्धा ठेवली नाहीत. त्यात पावसाचंही डोकं फिरलं. तुझ्या वेळी कशी झड लागायची, भुरभुर चालली की चूल पेटायची नाही. आता तो दडी मारून बसतो, पिकं माना टाकतात, आणि मग एका दुपारी सगळा ओतून मोकळा होतो. त्या एका दुपारी डोंगराची माती वाहून आमच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत यायची. धाकटी माझ्या विहिरीवर हंडे घेऊन यायची. मी कधी नाही म्हटलं नाही. पाणी देताना माझी मान किती ताठ व्हायची, ते तू पाहायला हवं होतंस.

मग त्या तांड्यातल्या बाया कुदळी घेऊन उतारावर आडवे चर खणू लागल्या, पाणी पळू नये म्हणून. जीपमधून जाताना आमच्या गावच्या बाया हसायच्या. मीही हसले. धाकटीला बाजारात गाठून विचारलं, "काय वं, डोंगराले टाके घालून राह्यल्या का?" ती म्हणाली, "फाटला तर घालाच लागतीन." नंतर तांड्याच्या नायकाच्या दारात बसून त्यांनी ठरवलं की डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि कोणाचीच गुरं सोडायची नाहीत. आमचे लोक भांडायला गेले आणि खालच्या मानेनं परत आले.

आता खाली काय झालं ते ऐक. पोरांनी ज्वारी सोडली. घराच्या भिंतीला टेकेपर्यंत कापूस लावला. कापसाला अळी लागली, तरी पुढच्या साली पुन्हा कापूसच. कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते, गाईच्या पोटात जात नाही. यंदा पाऊस पोळ्यानंतर फिरकलाच नाही, आणि संक्रांतीलाच गोठ्यात वैरणीची काडी उरली नाही. गाय गाभण, आणि तिच्या बरगड्या दिसायला लागलेल्या. मुलगा म्हणाला, "मावशीले सांग, आपली एक गाय वर चरू दे म्हनाव. तुहं ऐकते ते."

गेले. जीपमधून उतरून चढ चढले. वर पोचल्यावर आधी थंडावा लागला, आणि माझ्या पोटात दुखलं. उतारभर कमरेएवढं पिवळं गवत, चरांच्या कडेनं झाडोरा, धाकटीच्या दारात कडब्याची गंजी घरापेक्षा उंच. झरा तुझ्या वेळेसारखा नाही, बारीक झिरपतो, पण झिरपतो. ती गुडघ्यानं लंगडत आली, चहा टाकला. मी गाईचं सांगितलं.

"नाही जमत, बाई," ती म्हणाली.

"एकच गाय हाय. तुह्या सख्ख्या बहिणीची."

"इथं सगळ्यांची कोनी ना कोनी बहीण खाली दिली हाय. तुही सोडली तर मंग त्यायच्या काहून नाही?" मग तिनं वळचणीतला विळा काढून माझ्यापुढं ठेवला. "चराले बंदी हाय, कापाले नाही. काप अन् ने, लागते तेवढं."

"मी गवत कापू? या वयात, तुह्या डोंगरावर?"

"माह्या सुना कापतात. मी कापतो. तुले काय सोनं लागलं हाय?"

मला उठून निघायचं होतं. पण गाईच्या बरगड्या डोळ्यांपुढं होत्या. विळा उचलताना तोंडून निघून गेलं, "याडीनं तुलेच काहून देला वं हा डोंगर?" ती हसली. "तवा तू नाही विचारलं, बाई. तवा तू मले लुगडी देत होती."

याडी, तेव्हापासून बाजाराच्या जीपनं वर जाते, कापते, भारा जीपच्या टपावर टाकून आणते. गाय सावरली आहे, पोट खाली उतरलंय, होळीच्या आसपास वासरू होईल. मुलगा म्हणतो, मावशीनं उपकार केले. मी म्हणते, कसले उपकार, कापते मी. माझं जळणं काही थांबलेलं नाही. शेजारी बसून ती कापते तेव्हा मी तिच्या भाऱ्याकडं बघत राहते, माझा मोठा झाला पाहिजे म्हणून. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, पण तिच्या हातीही लागू नये. तिला वाचता येत नाही, तिच्या सुनेला येतं.

काल माझा भारा लहान झाला होता. मी दोर आणायला उठले, वळून पाहिलं तर ती आपल्या भाऱ्यातलं गवत मुठीमुठीनं माझ्या भाऱ्यात सारत होती. मी तिकडंच थांबले, दोर शोधते असं दाखवत, तिचं सारून होईपर्यंत.