कोरडे हात

५ फेब्रुवारी
ठरलं. ऑपरेशन करायचं. चौतीस वर्षं तळहातातून पाणी गळतंय, आता बास. आज फुलंब्रीच्या मोजणी ऑफिसात नकाशा काढताना बांधाची शाई हाताखाली पसरली. रानाचे मालक दोघं भाऊ भांडत होते, दोघंही म्हणाले, बांध माझ्याच रानात सरकला. साहेब म्हणाले, बिरू, हाताखाली टॉवेल घेत जा. चार माणसांसमोर.

९ फेब्रुवारी
डॉक्टर हुशार वाटले. काखेतून दुर्बीण घालायची, छातीतली नस कापायची, विषय संपला. मग धोके सांगत बसले. छातीत हवा राहू शकते, पापणी उतरू शकते, नाडी मंदावू शकते, हाताचा घाम पाठीपोटावर जाऊ शकतो. एकदा कापलं की परत जोडता येत नाही. सांगावं लागत असेल त्यांना. बायको सोबत होती, आशा. तिनं विचारलं, पाठीवर म्हणजे किती? मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या डॉक्टरला असं विचारतात का?

२१ फेब्रुवारी
झालं. शुद्धीत आलो तर दोन्ही हात गरम आणि कोरडे. गालाला लावून बघितले. काखेजवळ बधिर आहे. दुखत नाय, काहीच वाटत नाय.

५ मार्च
ड्युटीवर हजर. सगळ्यांशी हात मिळवला, शिपाई नानासाहेबांशी दोनदा. हजेरीच्या मशीनवर अंगठा उमटेना. म्हणे, आता लई कोरडा आहे. मशीन जुनी आहे.

२ एप्रिल
पाठ भिजली. टेरिकॉटचा दोष. आजपासून फक्त सुती.

१९ एप्रिल
सुती शर्ट, दिवसाला तीन. पोट आणि मांड्यासुद्धा. बसमध्ये मी उठल्यावर एका बाईनं सीट पुसली, मग बसली. स्वच्छतेची आवड असते काहींना.

११ मे
मोजणी. टेप घट्ट धरली, हात एकदम कोरडा. पँट गुडघ्यापर्यंत चिंब. शेतमालकीण मनकर्णाबाईंनी विचारलं, साहेब, विहिरीत पडला होता व्हय? म्हटलं, नाय, व्यायाम चालू आहे. त्यांनी नवऱ्याचं धोतर आणून दिलं. घेतलं.

३ जुलै
डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, हे होऊ शकतं असं सांगितलं होतं. गोळी देतो, थोडा फरक पडला तर पडेल. नस परत जोडायचं विचारलं. नाही म्हणाले. म्हटलं, सहज विचारलं, मी खूश आहे.

जाताना हात मिळवला. त्यांचा हात ओला होता.

२० ऑगस्ट
गोळीनं तोंड वाळतं. पाठ तशीच. झणझणीत खाल्लं की कपाळावरून धार लागते. तिखट बंद. पांढरे शर्ट बंद. लग्नाकार्याला जाणं बंद. शिस्त येतेय आयुष्याला.

आशा शर्ट धुते, वाळत घालते. पुंडलिकनगरात सगळ्यात भरलेली दोरी आमची.

९ नोव्हेंबर
थंडी पडली. थंडीत थांबेल असं ठरवलं होतं. दोन शर्ट झाले. हिशोबानं एक कमी.

१४ डिसेंबर
धाकटा भाऊ सांडू सिल्लोडहून आला. हात त्याचेही ओले, लहानपणापासून. लग्न ठरलंय. म्हणाला, दादा, बघायला गेलो तेव्हा चहाची बशी हातातून सटकली, पोरगी हसली. हसली पण हो म्हणाली. तरी लग्नाआधी ऑपरेशन करून टाकतो. कसं वाटतं तुला?

म्हटलं, फर्स्ट क्लास. हात दाखवले. त्यानं धरून बघितले, लई वेळ सोडले नाहीत. मग म्हणाला, तू स्वेटर नाय घालत का, दादा? म्हटलं, गरज नाय पडत.

आशा चहा ठेवून आत निघून गेली.

त्यानं डॉक्टरांचा नंबर मागितला. कागदावर नीट अक्षरात लिहून दिला. शाई फुटली नाय.

शेवटचा आकडा चुकीचा लिहिला.